रंग न धरणारा पत्रा

ज्यावर रंग चढत नाही अशी चीज जगात नाही, हे मी आयुष्यभर सांगत आलो. सांगायचा मला हक्क होता. मिल बंद पडेपर्यंत मी रंगाई खात्यात होतो. लग्नात माझी नखं निळी होती, आणि सासरच्या बायकांनी हळूच विचारलं होतं की मुलाला काही रोग-बिग तर नाही. शाळा मी चौथीत सोडली, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. सूत, कापड, चामडं, लाकूड, माणसाचं कातडं, सगळ्यावर रंग चढतो. कुणावर लवकर, कुणावर जरा उशिरा. न चढायचं कारण एकच असतं, ते म्हणजे तेल. कापडावर तेलाचा डाग राहिला की तेवढी जागा कोरी राहते. ही माझी सगळी विद्या. ह्याच विद्येनं यंदा माझी फजिती केली. फजिती हा शब्द बायकोचा आहे. मी त्याला फजिती म्हणत नाही.

आमचं घर राजवाड्याच्या मागच्या अंगाला, गल्लीच्या तोंडावर. खाली भाड्यानं दिलेलं दुकान, वर आमची एक लांबट खोली, पुढे गॅलरी, आणि डोक्यावर टीन. रस्त्याच्या बाजूला खिडकी आहे, खिडकीखाली बायकोची बाज. तिचे गुडघे गेले, तेव्हापासून ती खाली उतरत नाही. भाजीवाल्याशी घासाघीस ती खिडकीतून करते, दोरीला टोपली बांधून भाजी वर ओढते, कुणाच्या घरी कोण पाहुणा आला ते मला खिडकीतून सांगते. तिचं इंदूर आता तेवढंच आहे.

गेल्या वैशाखात मी दुपारी खालून वर आलो तर ती बाजेवर डोळे उघडे ठेवून पडली होती, आणि मला ओळखत नव्हती. मी हाक मारली, तर तिनं मला तिच्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा एक थेंब नाही. लू लागली होती. दवाखान्यातून ती परत आली, पण डॉक्टरनं मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर हिला झेपणार नाही.

मुलगा बायपासच्या तिकडे फ्लॅटमध्ये राहतो. फ्लॅटमध्ये सगळ्या खोल्या थंडगार, खिडक्या बंद. आमच्याकडे पण त्यानं एसी लावून दिला होता. तापल्या टिनाखाली तो दिवसभर धापा टाकायचा, आणि आमची लाइन जुनी, ऐन दुपारी फ्यूज उडायचा. मी आधी टिनावर ओलं बारदान पसरायचो. पण शिडीवर चढायचं वय गेलं, आणि नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. ते प्यायचं की टिनाला पाजायचं?

संक्रांतीला मुलगा आला आणि त्यानं सरळ सांगून टाकलं.

“बाबा, यंदा उन्हाळ्याच्या आधी आई आमच्याकडे येणार. कायमची. तुम्ही पण या. पण तुम्ही आलात-न आलात, आई तर येणारच.”

मी म्हटलं, मी येणार नाही.  बायकोनं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. रस्त्यावर तेव्हा काही चाललेलंही नव्हतं.

मधे पडली ती नात. मुलाची मुलगी, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते, शिकणं संपलं तरी तिथेच लॅबमध्ये काहीतरी करत असते. ती म्हणाली, आम्ही एक लेप बनवलाय, छपरावर मारायचा. लॅबच्या गच्चीवर चालतो, पण आम्हाला माणसं राहतात असं खरंखुरं टीन हवंय. आजीचंच द्या ना. मुलगा आधी हसला, मग मुलीच्या तोंडाकडे बघून त्यानं अट घातली. वैशाखात भर दुपारी मी येऊन ह्या खोलीत बसेन. बसवलं तर आई इथे राहील. नाही बसवलं तर त्याच दिवशी तिला गाडीत घालून नेईन, मग मला कुणी काही बोलायचं नाही.

नात बादल्या घेऊन आली. आत घट्ट ताकासारखं पांढरं काहीतरी होतं. मी बोट बुडवून म्हटलं, हा तर चुना आहे, ह्याला शिकावं कशाला लागतं.

“चुना नाही आबा. चुना फक्त ऊन परत पाठवतो. हा ऊन तर परत पाठवतोच, वर टिनातली धग पण आभाळात सोडतो.”

“आभाळात? आभाळात सूर्य आहे ना ग?”

“सूर्य एका जागी आहे. बाकीचं आभाळ केवढं मोठं आहे. आणि ते गार आहे आबा. लई गार.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. वैशाखातलं आभाळ गार! सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, ज्यानं उभा जन्म इंदूरच्या उन्हात काढला, त्याला ही पोर सांगतेय की वर आभाळ गार आहे. मी म्हटलं, फीस वाया गेली तुझी. ती चिडली नाही. तिनं विचारलं, हिवाळ्यात सकाळी आपलं टीन आतून टपकतं, ते पाणी कुठून येतं? मी म्हटलं, दंव. मग दंव टिनावरच का धरतं?  तीच म्हणाली, कारण रात्रभर टीन आपली धग आभाळाला देऊन टाकतं आणि हवेपेक्षाही गार होतं. दिवसा पण देत असतं, पण ऊन त्याच्या कितीतरी पट परत घालतं. आमच्या लेपात ऊन शिरतच नाही, म्हणून देणं तेवढं उरतं.

हिवाळ्यातलं ते टपकणं मी जन्मभर बघितलंय. त्याखाली पातेली ठेवलीत. त्याचा अर्थ असा असेल हे डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या रात्री मी जेवताना वर टिनाकडेच बघत होतो, तर बायको म्हणाली, आज काय झालं, पोरीनं बोलती बंद केली वाटतं.

लेप मारून झाला, वाळला. नातीनं गॅलरीत स्टुलावर चढून टिनावर पाण्याचा तांब्या ओतला. पाणी पसरलंच नाही. त्याचे गोळे झाले, पाऱ्यासारखे, आणि धावत धावत खाली पन्हाळात पडले. मागे टीन कोरडं. नात म्हणाली, हेच मोठं काम आहे. पांढरं मळलं की ऊन प्यायला लागतं आणि सगळं फुकट. म्हणून ह्याला असं केलंय की पाणी टिकूच नये, जाताना धूळ पण घेऊन जावं. बायको बाजेवरून मान वाकडी करून बघत होती. तिनं म्हटलं, अळूचं पान झालंय की आपलं घर.

मी म्हटलं, पाण्याचं ठीक आहे, पाण्यात काय असतं. रंग येऊ दे. रंगपंचमी येतेय.

बाहेरच्यांना सांगतो. आमच्या इंदुरात रंगपंचमीला गेर निघते. राजवाड्याभोवती लाखो माणसं, मोठे मोठे टँकर, आणि त्यांच्यावर मोटरच्या तोफा. रंगाचं पाणी चार मजले वर फेकतात. वेगळ्या मशिनी गुलाल उडवतात, तो ढगासारखा वर जातो आणि घरांवर बसतो. गेर आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच वळते. दुसऱ्या दिवशी ह्या भागातलं एक छप्पर आपल्या रंगाचं राहत नाही. पाऊस येईपर्यंत सगळी गुलाबी-जांभळी असतात.

समोरच्या पक्क्या गच्चीवाला शेजारी, मालवी माणूस, वयानं माझ्याहून लहान, तोंडानं मोठा, तो रोज आमच्या टिनाकडे बघून विचारायचा, “क्या काकासाब, छत पे दही जमा दिया क्या?” आणि म्हणायचा, पंचमीला ह्या दह्याचं श्रीखंड होणार.

मी त्याच्यासमोर हसत होतो. कारण मला पण तेच वाटत होतं, मी तर रंगाचा माणूस. पण जसजशी पंचमी जवळ आली तसतसं मला हसू येईना. लेप रंगला तर टीन तापणार. टीन तापलं तर मुलगा वैशाखात येणार, आणि ती बाज रिकामी होणार. नातीला विचारलं तर ती म्हणाली, ताडपत्री टाकू नका, घासली जाऊन लेप खरवडेल. लॅबमध्ये आम्ही धूळ टाकून बघितलीय, गेर नाही टाकली. होऊ दे आबा, बघू. तिला बघायचं होतं. मला बघायचं नव्हतं.

पंचमीच्या सकाळी मी बायकोला म्हटलं, काहीतरी केलं पाहिजे. ती म्हणाली, मुलाला करायचो तसं करा.

मुलगा लहान असताना गेरला निघायच्या आधी आम्ही त्याला डोक्यापासून पायापर्यंत तेल चोपडायचो. इथे सगळेच चोपडतात. तेलावर रंग बसत नाही, संध्याकाळी एका अंघोळीत पोरगं स्वच्छ. आणि माझी मिलची विद्या पण तेच सांगत होती. दोन्हीकडून एकच उत्तर आलं की माणूस फार विचार करत नाही. तिनं उशाजवळची तिळाच्या तेलाची बाटली दिली, गुडघ्यांना लावायची. मी जाळी काढायच्या बांबूला मऊ फडकं बांधलं, तेलात भिजवलं, आणि गॅलरीत स्टुलावर उभा राहून हळूहळू टिनाला लावलं. बांबू पोचला तेवढंच लागलं, म्हणजे खिडकीवरचा तुकडा. बाजेवरचाच. मला बरं वाटलं, ऐन महत्त्वाची जागा तरी वाचेल. तेल पाण्यासारखं पळालं नाही. छान पसरलं, आत जिरलं. मी बायकोला म्हटलं, बघ, धरलं.

गेर आली. त्याचं काय सांगू, आवाजानं घर हलत होतं. खिडकीची दारं बंद करून आम्ही आत बसलो, ती फटीतून बघत होती आणि मला सांगत होती, आता हिरवा आला, आता गुलाबी आला. टिनावर रंगाच्या धारा अशा आपटत होत्या की जणू कुणी वरून पोती टाकतंय.

गर्दी ओसरल्यावर मी समोरच्याच्या गच्चीवर गेलो. आपलं छप्पर आपल्याला पुरतं दिसत नाही, दुसऱ्याच्या गच्चीवरूनच बघावं लागतं. जिना चढताना शेजारी मागून म्हणत होता, चलो काकासाब, श्रीखंड देखते हैं. वर पोचलो आणि तो मला ओलांडून कठड्याशी गेला.

चहूकडे छपरं रंगलेली. गुलाबी, जांभळी, हिरवी, गच्च्या, टाक्या, खुद्द तो उभा होता ती गच्ची. आणि मधे आमचं टीन, पांढरं. कुठे कुठे कोरडा गुलाल बसला होता, बाकी पांढरं. रंगाचं पाणी खाली पन्हाळातून अजून गळत होतं, पण ते आमच्यावरून नुसतं गेलं होतं, बसलं नव्हतं. मी खाली बसलो.  इतक्या वर्षांत मी काय काय रंगवलं, आणि हे माझ्याच डोक्यावर, माझ्या घरावर, रंगाला हाकलून देत होतं.

मग शेजाऱ्यानं बोट दाखवलं. “और वो क्या है?”

खिडकीवरचा तुकडा. जिथे मी तेल लावलं होतं, बरोबर तेवढाच. तो जांभळा, काळसर, मार बसलेल्या कातडीसारखा. गुलाल त्यात कालवून बसला होता, थर धरून. फडक्याचा एकेक फटकारा ओळखू येत होता.

शेजाऱ्यानं पाइप लावून पाणी मारलं. पांढऱ्यावरचा गुलाल पाण्याच्या गोळ्यांवर बसून निघून गेला. तुकड्यावरचा जागचा हलला नाही. शेजाऱ्यानं पाइप गुंडाळला आणि मला हात धरून जिना उतरवला, ह्याचं मला जास्त लागलं.

संध्याकाळी नात आली. मला वाटलं ओरडेल. तिनं गॅलरीतून बघितलं, फडक्याचा वास घेतला, आणि विचारलं, कोणतं तेल? मी सांगितलं. ती स्टुलावरच बसली.

“आबा, हा पाण्याला हाकलतो. तेलाला नाही हाकलत.”

ती सांगत होती की ह्या लेपाला डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा असतात, त्यांत हवा भरलेली असते, म्हणून पाण्याला टेकायला जागा नसते. तेल त्या खाचांत जाऊन बसलं. साबणानं घासलं तर उरलासुरला लेप पण जाईल. आणि नवा लेप आता लगेच नाही, सामान संपलंय, दिवाळीच्या आसपास होईल. दिवाळीला थंडी असते. बायकोनं म्हटलं, पोरीला चहा तरी करा. मी चहा केला. चहात साखर टाकायची राहिली, तरी तिघांनी तो संपवला.

वैशाख आला. एका दुपारी मी स्टुलावर चढून खिडकीवरच्या टिनाला आतून हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग स्टूल आतल्या भिंतीकडे नेलं, जिथे वर पांढरं होतं. हात वर न्यायला धीर होईना. इतक्या वर्षांची सवय, भर दुपारी टिनाला कोण हात लावतो? शेवटी लावला.

ते गरम नव्हतं. गार पण नव्हतं. ताप उतरलेल्या कपाळासारखं होतं. मी हात काढला, परत लावला. दुसरा हात लावला. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं, कुत्री नालीत जाऊन बसली होती, आणि माझ्या डोक्यावरचं लोखंड माणसाच्या अंगाइतकंच कोमट होतं. मला क्षणभर भीती वाटली. खरंच वाटली. जे होऊ नये ते होत असलं की वाटते तशी.

मी बायकोला म्हटलं, बाज इकडे घेऊ. ती नको म्हणाली. मी म्हटलं, मुलगा येईल. ती म्हणाली, येऊ दे.

“खिडकी सोडायची असेल तर मग मी त्याच्याकडेच जाते की. तिथे पण दिसणार नाही, इथे पण दिसणार नाही. उगाच तुमच्या टिनाचं कौतुक कशाला.”

मी हट्टी आहे असं लोक म्हणतात. त्यांनी हिला बघितलेलं नाही.

मुलगा सांगितल्याप्रमाणे आला. भर दुपारी. गाडी खाली चालूच ठेवून, आत ड्रायव्हर बसवून. येताना आईची औषधं ठेवायला पिशवीसुद्धा घेऊन आला होता, ती त्यानं दाराशी ठेवली. तो येऊन तिच्या बाजेवर बसला, खिडकीखाली, त्या जांभळ्या तुकड्याखाली. पाणी प्याला. रुमालानं मान पुसली, परत पुसली. शर्ट पाठीला चिकटला. आईच्या कपाळाला हात लावून बघितला. मग उठला आणि म्हणाला, “चल आई.”

ती उठायला लागली.  तिनं खाली पाय सोडले, चपला शोधल्या, ज्या चपला ती घालतच नाही.

मी मुलाचा हात धरला. तो मोठा माणूस आहे, त्याचे केस पांढरे झालेत, मी त्याला कित्येक वर्षांत असा हात धरून कुठे नेलं नव्हतं. आतल्या भिंतीकडे नेलं, त्याला स्टुलावर चढवलं, आणि म्हटलं, लाव हात. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, लाव, मरत नाहीस. त्यानं बोटं टेकवली, मग पूर्ण पंजा. तो तसाच उभा राहिला, मान वर करून.  खाली उतरला आणि तिथेच भिंतीशी चटईवर बसला. म्हणाला, थोडं बसतो. पंखा तिकडे वळवला. जरा वेळानं आडवा झाला. मग घोरायला लागला.

मी खाली जाऊन ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितलं. परत वर आलो तर बायको बाजेवरूनच मुलाकडे बघत होती, पायात चपला तशाच. तिच्या कपाळावर घाम होता. मी मनातल्या मनात म्हटलं, घाम आहे, चांगलं आहे. तिनं एकदा खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्या उन्हात कोण असणार?

“बाज तिकडे सरकवा,” ती म्हणाली. “पण ऊन उतरलं की परत इथे. तुम्हीच सरकवायची. तेल तुम्ही लावलंत.”

बाटली तिनं दिली होती, हे मी बोललो नाही.

मुलगा संध्याकाळी उठला, चहा प्याला, आणि पिशवी रिकामीच घेऊन गेला. जाताना दारात वळून म्हणाला, पुढच्या आठवड्यात परत येऊन बसतो. मी म्हटलं, ये की, चटई आहे.

आता रोज ऊन चढलं की मी बाज आतल्या भिंतीकडे ओढतो, आणि उतरलं की परत खिडकीशी. फरशीवर दोन रेघा पडल्यात. नातीनं बाजेला चाकं लावून देते म्हटलं, मी नको म्हटलं. शेजारी समोरून बघतो आणि ओरडतो, “काकासाब, ट्रेन टाइम पे है!” बायको त्याला खिडकीतून उत्तर देते, मग मी तिला ओढत आत नेतो आणि ती अर्ध्या वाक्यावरून त्याच्याशी बोलतच राहते.

बाज जागेवर लागली की मी स्टुलावर चढून टिनाला हात लावतो. माहीत आहे काय लागणार ते. तरी रोज हात अर्ध्यावर थांबतो, मग जातो. लागलं की खाली उतरून तोच हात मी तिच्या कपाळाला लावतो. दोन्ही सारखंच लागतं. मला अजून ते पटत नाही.